बंदीची भीती आणि बंदुकीचा धंदा

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने बंदुकीच्या कारखान्यावर कशाला बोलावं? कारण सांगतो. नीतिशास्त्रात जबाबदारीचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा एक माणूस असतो. त्याने काय केलं, त्याला काय ठाऊक होतं, त्याच्यापुढे दुसरा पर्याय होता का, हे आपण विचारतो. पण आजच्या जगातले पुष्कळ मोठे निर्णय माणसं एकेकटी घेत नाहीत, कंपन्या घेतात. आणि कंपनीपुढे पर्याय किती, हे तिच्या सद्‌बुद्धीपेक्षा भोवतालचा कायदा, राजकारण आणि गिऱ्हाईक यांवर जास्त ठरतं. हे समजून घ्यायला स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीइतकं बोलकं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

या कंपनीची गोष्ट थोडक्यात अशी. बंदुकांवर बंधनं येणार अशी हवा झाली की तिचा धंदा फुगतो. बंधनं येत नाहीत अशी खात्री पटली की तो बसतो. आणि एकदाच तिने स्वतःच्या सहीने बंधनं मान्य केली, तेव्हा ती जवळजवळ बुडाली. ऐकायला हे तिरपागडं वाटतं. पण त्यामागे सरळ कारणं आहेत, आणि आज तीच उलगडायची आहेत.

आधी थोडा जुना इतिहास, फार वेळ घेत नाही. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी १८५६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी भागीदारी केली. स्प्रिंगफील्डच का? तिथे अमेरिकन सरकारचा शस्त्रकारखाना अठराव्या शतकापासून चालू होता. लोखंडावर केसभर फरकाने काम करणारे कारागीर त्या गावात तयार झालेले होते. म्हणजे खाजगी धंद्याची पायाभरणीच सरकारी पैशावर झालेली. तो सरकारी कारखाना १९६८ मध्ये बंद झाला, खाजगी चालू राहिला.

दुसरं भांडवल होतं एका पेटंटचं. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या नळकांड्याला आरपार भोक पाडून मागच्या बाजूने काडतूस घालायचं, ही रॉलिन व्हाइट याची कल्पना. त्याचं पेटंट १८५५ चं. स्मिथ आणि वेसन यांनी प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागे २५ सेंट देऊन ती वापरण्याचा हक्क घेतला, आणि नक्कल करणाऱ्यांशी कोर्टात लढण्याचं काम मात्र हुशारीने व्हाइटच्याच गळ्यात घातलं. १८५७ पासून १८६९ पर्यंत तशी बंदूक अमेरिकेत दुसऱ्या कुणाला कायदेशीर बनवता येत नव्हती. पुढे पेटंटची मुदत वाढवून देण्याचं विधेयक काँग्रेसने मंजूर केलं आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते जानेवारी १८७० मध्ये नाकारलं. ग्रँट म्हणजे यादवी युद्ध जिंकलेले सेनापती. त्यांच्या एका नकाराने एका कारखान्याची मक्तेदारी गेली. कंपनी तगली ती रशियाच्या झारच्या ऑर्डरींवर. १८७१ पासून पुढे काही वर्षं तिच्या रिव्हॉल्व्हरचा मोठा वाटा रशियन सैन्याकडे जात होता. मग रशियाने स्वतःच तशाच बंदुका बनवायला सुरुवात केली.

आणखी एक प्रसंग. १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, कामगार संघटनेच्या प्रश्नावर सरकारी लवादाचा निर्णय मानायला कंपनीने नकार दिला, तर युद्धखात्याने कारखानाच ताब्यात घेतला! खाजगी मालमत्तेच्या पूजेसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेत, बरं का.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी, की बंदुकीचा धंदा आधी निखळ बाजारात होता आणि मग राजकारण त्यात घुसलं, असा समज कुणाचा होऊ नये. सुरुवातीपासून राजकारण त्यात होतंच. फरक पडला तो कुठलं राजकारण, यात. पूर्वी प्रश्न असायचा, सरकार विकत घेणार की नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न झाला, सरकार विकू देणार की नाही. पहिल्यात सरकार गिऱ्हाईक असतं. दुसऱ्यात ते गिऱ्हाइकाच्या मनातली भीती असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

१९८७ मध्ये टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने स्मिथ अँड वेसन सुमारे ११ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. हा समूह पुढे पाव-बिस्किटांच्या धंद्यातही होता. त्याच्या लेखी बंदूक हा अनेक मालांपैकी एक माल. दरम्यान १९९८ पासून अमेरिकेत एक नवी लाट आली. न्यू ऑर्लीन्स, शिकागो अशा शहरांनी बंदूक कंपन्यांवर दावे लावले. पुढे तीसहून अधिक शहरं आणि कौंट्या त्यात उतरल्या. म्हणणं असं, की तुमचा माल गुन्हेगारांच्या हाती कोणत्या दुकानांतून जातो हे तुम्हाला कळू शकतं, तरी तुम्ही डोळेझाक करता. त्यापायी आमच्या इस्पितळांवर आणि पोलिसांवर होणारा खर्च तुम्ही भरा. नुकतंच तंबाखू कंपन्यांना अशाच दाव्यांपुढे नमावं लागलं होतं. आता एकेक दावा हरण्याचीसुद्धा गरज नव्हती, वकिलांच्या फीनेच कंपनी रिकामी झाली असती.

या दडपणाखाली १७ मार्च २००० रोजी स्मिथ अँड वेसनने क्लिंटन सरकारशी करार केला. सरकारतर्फे पुढाकार होता गृहनिर्माण व नगरविकास खात्याचे मंत्री अँड्र्यू कुओमो यांचा. करारात काय होतं? प्रत्येक पिस्तुलाबरोबर बाहेरून लावायचं कुलूप, आणि दोन वर्षांत बंदुकीच्या आतच बसवलेलं कुलूप. नव्या नमुन्यांत दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन बसणार नाही अशी रचना. मालकाशिवाय इतरांना चालवता येणार नाही अशा बंदुकीच्या संशोधनासाठी उत्पन्नाचा काही हिस्सा. पुसता येणार नाही असा गुप्त क्रमांक. हे झालं कारखान्यापुरतं.

खरी ठिणगी पडली ती दुकानदारांच्या कलमांमुळे. कंपनीचा माल विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या पूर्वेतिहासाची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय, मग तिला कितीही दिवस लागोत, बंदूक हातात द्यायची नाही. जिथे सगळे विक्रेते तपासणी करत नाहीत अशा बंदुकींच्या जत्रेत माल मांडायचा नाही. आणि हे नियम दुकानातल्या फक्त स्मिथ अँड वेसनला नव्हे, सगळ्याच कंपन्यांच्या मालाला लावायचे. म्हणजे काँग्रेसमध्ये जो कायदा मंजूर होत नव्हता, तो एका कंपनीच्या करारातून सगळ्या बाजाराला लागू करायचा असा हा डाव होता. सरकारच्या बाजूने पाहिलं तर कल्पक. दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर आगाऊपणा.

मग काय झालं? नॅशनल रायफल असोसिएशनने कंपनीला फितूर ठरवलं. दुकानदारांनी माल परत पाठवला किंवा नवा मागवायचं थांबवलं. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या स्मिथ अँड वेसनचं रिव्हॉल्व्हर बाळगत होते, त्यांनी पाठ फिरवली. इतर कंपन्या? ऑस्ट्रियाची ग्लॉकही सरकारशी बोलणी करत होती, ती ऐनवेळी मागे सरली. करार मानणाऱ्या कंपनीला पोलीसखरेदीत झुकतं माप द्यावं असा सरकारचा प्रयत्न होता, त्याविरुद्ध इतर कंपन्या कोर्टात गेल्या. दावे लावणाऱ्या शहरांपैकीही सगळ्यांनी काही स्मिथ अँड वेसनला मोकळं केलं नाही. म्हणजे जुने मित्र गेले आणि नवे मिळाले नाहीत. त्या उन्हाळ्यात कारखाना काही आठवडे बंद ठेवावा लागला, कामगार कमी करावे लागले, करारावर सही करणारे मुख्याधिकारी एड शुल्ट्झ त्याच वर्षी गेले. आणि मे २००१ मध्ये टॉमकिन्सने कंपनी विकून टाकली. रोख किंमत दीड कोटी डॉलर, शिवाय तीन कोटींच्या कर्जाचा बोजा घेणाऱ्याच्या डोक्यावर. ११ कोटी २५ लाखांची वस्तू, चौदा वर्षांनी! घेणारी होती ॲरिझोनातली सेफ-टी-हॅमर नावाची छोटी कंपनी, बंदुकीची कुलुपं बनवणारी. सूत्रं हलवणाऱ्यांत स्मिथ अँड वेसनचाच एक माजी अधिकारी होता.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. पुष्कळ जण म्हणतात, बघा, गिऱ्हाइकांना सुरक्षित बंदूक नकोच होती. मला हे पटत नाही. कुलूप असलेलं रिव्हॉल्व्हर गोळी झाडण्याच्या कामात काही कमी पडत नव्हतं. बहिष्कार कुलपावर नव्हता, सहीवर होता. अमेरिकेत बंदूक ही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत वस्तूबरोबरच बाजूची खूण झालेली आहे. आपण कोण आहोत आणि सरकारकडे कसं पाहतो, हे सांगणारी. अशी खूण विकणारा जेव्हा दुसऱ्या बाजूशी हात मिळवतो, तेव्हा त्याने मालात बदल केला असं गिऱ्हाईक म्हणत नाही. तो म्हणतो, यांनी मला विकलं.

दुसरी गोष्ट मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याची. समजा दहा कंपन्या आहेत आणि दहाही जणींनी एकदम तपासणीचे नियम मानले, तर गिऱ्हाईक जाणार कुठे? कुणाचंच नुकसान नाही. पण एकीनेच मानले, तर तिची गिऱ्हाइकं उरलेल्या नवांकडे जाणार, आणि त्या नवांना काहीही न करता धंदा मिळणार. अशा ठिकाणी एकटीने पुढे येणं ही चूक आहे की सद्‌गुण? कांटच्या विद्यार्थ्याला विचाराल तर तो म्हणेल, सगळ्यांनी पाळावा असा नियम तू पाळलास, योग्य केलंस. बरोबर आहे. पण त्याची किंमत कारखान्यातल्या ज्या माणसाची नोकरी गेली त्याने मोजली, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना एकदम बांधणारा नियम करणं हे कायद्याचं काम. कायदेमंडळाने ते टाळलं आणि एका कंपनीच्या खांद्यावर टाकलं. तो खांदा त्या ओझ्यासाठी नव्हताच.

पुढे २००५ साली काँग्रेसने कायदा केला खरा, पण उलट्या दिशेचा. बंदुकीचा गुन्ह्यात वापर झाला म्हणून बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर दावा लावण्याला त्या कायद्याने बहुतेक वाट बंद केली. काही अपवाद ठेवले. कंपनीने जाणूनबुजून एखादा विक्रीचा कायदा मोडला असेल तर वगैरे. त्यांच्याकडे नंतर येऊ. या कायद्याचा परिणाम नुसता शहरांचे दावे पडण्यापुरता नव्हता. २००० साली कंपनीवर दोन बाजूंनी दाब होता, एकीकडून कोर्ट आणि दुसरीकडून गिऱ्हाईक. म्हणून ती निदान तडजोडीला बसली. २००५ नंतर एकच दाब उरला, गिऱ्हाइकाचा. ज्या खोलीला एकच दार, तिथे माणूस कुठून बाहेर पडणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

नव्या मालकांनी करार रद्द झाल्याचा गाजावाजा केला नाही. बुश सरकारने तो अमलात आणण्याचा आग्रह धरला नाही. तो तसाच विरून गेला. राहिलं एक कुलूप. रिव्हॉल्व्हरच्या बाजूला किल्लीसाठी छोटं भोक, आणि बंदूकशौकिनांनी त्याला हिलरी क्लिंटन यांच्या नावाने ‘हिलरीचं भोक’ असं नाव ठेवलं. ते नाव वीस वर्षांनंतरही टिकून आहे. अलीकडे कंपनीने बिनकुलपाचे नमुने पुन्हा बाजारात आणले, तेव्हा शौकिनांनी त्याचं स्वागत विजयासारखं केलं. एवढ्याशा भोकात केवढं राजकारण मावतं बघा.

आता भीतीचं अर्थकारण.

बंदूक ही टिकाऊ वस्तू आहे. नीट तेलपाणी केलेलं रिव्हॉल्व्हर शंभर वर्षं चालतं. साबण संपतो, बंदूक संपत नाही. मग ज्या घरात आधीच तीन बंदुका आहेत त्याने चौथी का घ्यावी? कारखान्यापुढचा हा कायमचा प्रश्न. त्याला आपोआप उत्तर मिळालं ते बंदीच्या भीतीतून. पण भीतीमुळे लोक खरेदीच का करतात, लपवून का ठेवत नाहीत किंवा वैतागून विकून का टाकत नाहीत? याचं कारण अमेरिकेतल्या बंदीच्या रचनेत आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने लष्करी धाटणीच्या काही अर्धस्वयंचलित रायफलींच्या आणि मोठ्या मॅगझीनच्या उत्पादनावर दहा वर्षांसाठी बंदी आली. पण कायद्याच्या दिवसापर्यंत ज्यांच्याकडे ती शस्त्रं होती, ती त्यांच्याकडेच राहू दिली. विकायलाही मोकळीक. म्हणजे बंदीच्या आदल्या दिवशी घेतलेली बंदूक कायदेशीर, आणि वर दुर्मीळ झाल्यामुळे महागणारी. लोकांनी हा धडा लक्षात ठेवला. बंदी येणार असं वाटलं की आज घ्या, उद्या मिळणार नाही. आपल्याकडे साखर महागणार म्हटल्यावर वाण्याकडे जशी रांग लागते, तसंच. फक्त साखर महिन्याभरात संपते.

२००४ मध्ये ती बंदी मुदतीनुसार संपली. २००६ मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याच धाटणीची ‘एम अँड पी १५’ ही रायफल बाजारात आणली. एम अँड पी म्हणजे मिलिटरी अँड पोलीस. हे नाव कंपनीने १८९९ मध्ये एका रिव्हॉल्व्हरला दिलेलं. तेव्हा ते गिऱ्हाइकाचं वर्णन होतं, आता ते नागरिकाला विकायचं आकर्षण झालं.

मग २००८ मध्ये ओबामा निवडून आले आणि बंदुकांची मागणी उसळली. ओबामा हे देशातले सर्वोत्तम बंदूकविक्रेते, असा विनोद तिथे रूढ झाला. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत एकाने वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची. देश हादरला, बंदीची चर्चा सुरू झाली, आणि त्या एका महिन्यात केंद्रीय यंत्रणेकडे पूर्वेतिहास तपासणीच्या सुमारे २७ लाख ८० हजार विनंत्या आल्या. तोवरचा विक्रम. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण वारा कुठला ते कळतं. एप्रिल २०१३ मध्ये तपासणीची व्याप्ती वाढवण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी बहुमत मिळूनही पडला, कारण ६० मतं लागत होती. कायदा आलाच नाही. पण एप्रिलअखेर संपलेल्या त्या आर्थिक वर्षात स्मिथ अँड वेसनची विक्री सुमारे ४१ कोटी डॉलरवरून ५९ कोटींच्या घरात गेली.

हे वाक्य मी जरा सावकाश म्हणतो. वीस मुलं मेली, आणि म्हणून धंदा वाढला. ही रायफल या कंपनीची नव्हती, ती बुशमास्टरची, रेमिंग्टन समूहातली. कंपनीतल्या कुणी असं काही इच्छिलं नव्हतं, याबद्दल मला शंका नाही. पण एखादी व्यवस्था अशी बसलेली असते, की कुणाचीही इच्छा नसताना दुर्घटनेचा नफा होतो. तिथे दुष्ट माणूस शोधत बसलात तर सापडणार नाही, आणि तो सापडत नाही म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही.

उलटी बाजू नोव्हेंबर २०१६ ची. हिलरी क्लिंटन निवडून येणार या अंदाजाने दुकानदारांनी माल भरून ठेवलेला. निवडून आले ट्रम्प. बंदूकवाल्यांचा जाहीर मित्र. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर सुमारे १५ टक्के घसरला! एप्रिल २०१७ ला संपलेल्या वर्षात ९० कोटी डॉलरची विक्री होती, पुढच्या वर्षी ती ६१ कोटींच्या आत आली. मार्च २०१८ मध्ये रेमिंग्टनने दिवाळं काढलं. त्याला जुनी कर्जंही कारण होती, पण मित्राच्या राज्यात दोनशे वर्षांची कंपनी दिवाळखोरीत गेली हे लक्षात ठेवण्यासारखं. मग २०२० आलं. महामारी, रस्त्यावरची आंदोलनं, निवडणूक, सगळं एकदम. तपासण्या वर्षात ३ कोटी ९७ लाख. कंपनीची विक्री प्रथमच १०० कोटी डॉलर ओलांडून गेली. दोन वर्षांत ती ४८ कोटींवर आली. असा हा झोपाळा.

मधल्या काळात आणखी एका दिशेने दाब आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले, आणि ती रायफल ‘एम अँड पी १५’ होती. कंपनीने त्याआधीच आपलं नाव बदलून अमेरिकन आउटडोअर ब्रँड्स केलं होतं. काही कॅथलिक संन्यासिनींच्या संघांनी कंपनीचे शेअर घेतले आणि भागधारकांच्या सभेत ठराव मांडला, की आपल्या मालाने होणाऱ्या हिंसेबद्दल कंपनीने अहवाल द्यावा. सप्टेंबर २०१८ मध्ये तो बहुमताने मंजूर झाला. मोठ्या गुंतवणूक संस्थांनीही मत दिलं. अहवाल आला. त्याचा आशय असा, की जे आमचे गिऱ्हाईक नाहीत त्यांच्या नजरेत चांगलं ठरण्याच्या मोघम उद्देशासाठी आम्ही गिऱ्हाइकांमधली पत पणाला लावणार नाही. हे उद्दाम वाटतं. पण २००० सालचा अनुभव असलेल्या कंपनीकडून दुसरं काय येणार होतं? मला तर ते त्या कंपनीने लिहिलेलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं.

सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की मुख्यालय मॅसॅच्युसेट्समधून टेनेसी राज्यातल्या मेरीव्हिल इथे हलवणार. स्प्रिंगफील्डच्या साडेपाचशे नोकऱ्या त्याबरोबर जाणार. कारण दिलं ते मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळातल्या एका प्रस्तावाचं. जी शस्त्रं त्या राज्यात नागरिकांना विकता येत नाहीत, ती तिथे बनवायलाही मनाई करावी, असा तो प्रस्ताव. कंपनीचं म्हणणं, आमचं साठ टक्क्यांहून अधिक उत्पन्न अशाच मालातून येतं. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. जे आपल्या मुलांच्या हाती नको, ते बनवून शेजारच्या राज्यात का पाठवायचं? पण गंमत पाहा, तो प्रस्ताव मंजूर झाला नाही. गेल्या त्या नोकऱ्या. इथेही कायद्यापेक्षा कायद्याच्या चाहुलीनेच काम केलं. स्प्रिंगफील्डमध्ये हजाराच्या वर लोक राहिले, तिथली ओतकाम-घडाईची कला उचलून नेणं सोपं नव्हतं. टेनेसीतलं मुख्यालय ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं.

शेवटी त्या २००५ च्या कायद्यातल्या अपवादांकडे येतो. सँडी हुकच्या पालकांनी रेमिंग्टनवर दावा लावला तो बंदूक बनवल्याबद्दल नव्हे, तिच्या जाहिरातीबद्दल, कनेटिकटच्या ग्राहक कायद्याखाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तो मिटवला. दुसरीकडे मेक्सिको सरकारने स्मिथ अँड वेसन आणि इतरांवर दावा केला होता, की तुमच्या बंदुका चोरट्या वाटेने आमच्या टोळ्यांकडे जातात हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही त्याला साथ देता. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. निकाल लिहिला न्यायमूर्ती एलिना केगन यांनी, ज्या उदारमतवादी गटातल्या मानल्या जातात. मुद्दा असा, की काही दुकानदार गैरमार्गाने विकतात हे माहीत असूनही न थांबवणं वेगळं, आणि त्या गुन्ह्यात सहभागी होणं वेगळं. दाव्यात दुसरी गोष्ट दिसत नाही.

कायदा म्हणून हे मला योग्य वाटतं. उदासीनतेला गुन्ह्यातली भागीदारी म्हणायला लागलो तर जगात निर्दोष कोण उरेल? पण नीती कायद्यापाशी थांबत नाही. मला ठाऊक आहे, मी थांबवू शकतो, थांबवत नाही, कारण थांबवलं तर माझं गिऱ्हाईक जाईल. ह्याला भागीदारी नाही म्हटलं तरी काहीतरी म्हणावंच लागेल. आणि कंपनी जर म्हणाली, की आम्ही एकदा थांबवून पाहिलं होतं, २००० साली, तर तिचं म्हणणं खोडताही येत नाही.

प्रश्न: सर, मग २००० मध्ये कंपनीने सही करायला नको होती का?

कारखान्यापुरत्या कलमांवर करायला हवी होती. कुलूप, क्रमांक, संशोधन, हे तिच्या हातातलं होतं. दुकानदाराच्या वतीने, तेही दुसऱ्या कंपन्यांच्या मालाबद्दल, वचन देण्याचा तिला अधिकार नव्हता. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन दिलं, तिथे ती फसली. पण हेही सांगतो, नुसत्या कुलपावर सही केली असती तरी थोडा बहिष्कार झालाच असता.

प्रश्न: आपल्याकडे असं होऊ शकतं का?

या स्वरूपात नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. आधी परवाना, मग बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं. त्यामुळे उद्या बंदी येणार अशी आवई उठली तरी दुकानापुढे रांग लागू शकत नाही. फार तर कलेक्टर कचेरीत अर्जांची लागेल, आणि ती किती भरभर सरकते हे तुम्ही जाणताच. आपल्या शस्त्रकारखान्यांवर राजकारणाचा परिणाम होतो तो जुन्या पद्धतीने, सरकार गिऱ्हाईक म्हणून. खडकी, वरणगाव, अंबाझरी इथल्या कामगारांना विचारा. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातल्या दारूगोळ्याच्या कंपनीचं मुख्यालय पुण्यातच आहे. तिथल्या माणसाला निवडणुकीपेक्षा संरक्षण खात्याची पुढच्या वर्षाची मागणी किती, याची काळजी जास्त. ग्रँटच्या काळात स्प्रिंगफील्डच्या माणसाला होती तशी.